सुफ्रिएरला मुक्काम कराच

क्रूझवरून उतरून कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया बेटावरचं सुफ्रिएर दोन तासांत उरकतं, असं कुणीतरी लिहिलंय, ते पटत नाही. फ्रेंच अमदानीत बेटाची राजधानी असलेल्या या गावात निदान दोन रात्री राहा. उन्हं चढायच्या आत ग्रो पिटन हा डोंगर चढायला निघा. उंची 798 मीटरच, पण वाट उभी आहे, गुडघ्यांचा कस लागतो. वाटाड्या पायथ्याच्या फाँ जाँ लिब्र गावचाच घ्या. गुलामगिरी झुगारून पळालेल्यांनी याच डोंगरात आसरा घेतला होता, आणि तो इतिहास त्या गावच्या माणसाकडून ऐकण्यासाठी मी पुन्हा जाईन. गंधकाच्या झऱ्यांवर जाताना चांदीचे दागिने काढून ठेवा, काळे पडतात. एका अमेरिकन डॉलरला 2.70 पूर्व कॅरिबियन डॉलर (इथलं चलन) हा दर ठरलेला आहे. मिनीबससाठी सुटे ठेवा.