वर्गमूळाची भागाकार पद्धत अजून किती वर्षं घोकायची?

सरासरी (धागाकर्ता)

परवा भाचीचा अभ्यास घेत होतो, वर्गमूळ चालू होतं, भागाकार पद्धत. जोड्या पाडा, पहिला अंक काढा, बाकी लिहा, पुढची जोडी खाली उतरवा, वरती जे आलंय त्याची दुप्पट डावीकडे मांडा आणि तिच्यापुढे एक असा अंक लावा की त्याच अंकाने गुणल्यावर... इथे तिने मला थांबवलं. मामा, दुप्पटच का? तिप्पट का नाही? वहीत उत्तर नाही, पुस्तकात नुसत्या पायऱ्या. मला फार वाईट वाटलं, कारण मीही शाळेत ती अशीच पाठ केलेली आणि पेपर झाल्यावर विसरलेली.

माझं म्हणणं स्पष्ट आहे, ही पद्धत काढा आणि अंदाज-सरासरी शिकवा. समजा २० चं मूळ हवंय. ४ चा वर्ग १६, ५ चा २५, म्हणून साडेचार धरा. २० ला ४.५ ने भागा, ४.४४४ येतात. दोघांचा गुणाकार २०, म्हणजे एक खऱ्या मुळापेक्षा मोठा असेल तर दुसरा लहान असणारच, मूळ मधे कुठेतरी अडकलं. सरासरी घ्या, ४.४७२२. खरं उत्तर ४.४७२१३५... एका फेरीत एवढं जवळ! दुसरी फेरी मारली की दशांश चिन्हापुढचे आठ अंक तरी जुळतात. पाठ काहीच करायचं नाही, गुणाकार-भागाकार येणाऱ्या कुणालाही जमतं.

बाकीशून्य

अजिबात पटलं नाही. कारण सांगितलं नाही हा शिकवण्याचा दोष झाला, त्याची शिक्षा पद्धतीला कशाला?

भाचीला कागदावर चौरस काढून दाखवा. क्षेत्रफळ १८४९, बाजू शोधायची. ४० चा चौरस आत बसतो, १६०० गेले, उरले २४९. आता बाजू थोडी वाढवायची तर चौरसाला पट्ट्या कुठे लागतील? एक उजवीकडे, एक खाली. दोन बाजूंना दोन पट्ट्या, प्रत्येक ४० लांब, म्हणून दुप्पट, ८०. आणि कोपऱ्यात एक छोटा चौरस रिकामा राहतो, त्याची बाजू पट्टीच्या रुंदीएवढीच, म्हणून तोच अंक ८० मधे मिळवायचा आणि त्यानेच गुणायचं. ८३ गुणिले ३, बरोबर २४९. बाकी शून्य, उत्तर ४३. तिप्पट का नाही याचं उत्तर त्या चित्रातच आहे, घनमूळ काढायला घेतलंत की तीनही येतात.

आर्यभटाने इ.स. ४९९ मधे हेच लिहून ठेवलंय, मुळाच्या दुपटीने नेहमी भागावं म्हणून. आणि एक फायदा तुम्ही सोडूनच दिलात, या पद्धतीत एकदा बरोबर आलेला अंक पुन्हा बदलत नाही. ४.४७ आलं म्हणजे ४.४७ पक्कं, पुढे काहीही येवो. सरासरीत शेवटचे अंक दर फेरीला हलत राहतात, नेमके किती अंक धरायचे हे मुलाला कसं कळणार?

सरासरी

चित्र सुंदर आहे, मनापासून सांगतो, आज संध्याकाळीच भाचीला काढून दाखवतो. पण जुनं आहे म्हणून ठेवा हा मुद्दा नको. जुनेपणाच काढायचा तर बॅबिलोनच्या एका मातीच्या पाटीवर साठाच्या मोजणीत २ चं मूळ कोरलेलं आहे, आपल्या दशांशात १.४१४२१२९६ होतं, खरं १.४१४२१३५६. ती पाटी आर्यभटाच्या दोन हजार वर्षं आधीची, तेवढ्याने काही सिद्ध होत नाही.

किती अंक धरायचे? सोपं आहे, आलेल्या उत्तराने संख्येला भागा, दोन्हीकडे जेवढे अंक सारखे तेवढे पक्के. आणि चुकीचं बघा की. भागाकारात दुसराच अंक चुकला तर खालचं सगळं वाया. सरासरीत मधेच बेरीज चुकली तरी पुढची फेरी तुम्हाला परत मुळाकडेच आणते, ती चूक स्वतः धुवून काढते. अपूर्णांकात करून बघा, ९/२ आणि ४०/९ ची सरासरी १६१/३६. आता १६१ चा वर्ग २५९२१, आणि ३६ च्या वर्गाची वीसपट २५९२०. फक्त एकाचा फरक! हे पाहून मी दहा मिनिटं नुसता बसून होतो.

द्विमान

मी प्रोग्रामिंग करतो म्हणून सांगतो, कॉम्प्युटरच्या आत दोन्ही जिवंत आहेत. काही प्रोसेसर अंक-अंक काढत जातात तर काही अंदाज घेऊन सुधारतात. द्विमान पद्धतीत अंक ० नाहीतर १, म्हणजे भागाकारात जो अंक शोधायचा त्रास तो उरतच नाही, बसतो की नाही एवढंच बघायचं. त्यामुळे ही पद्धत मेली म्हणणं चूक.

पट्टी-पेन्सिल

तुम्ही सगळे दशांश चिन्हापुढे आठ अंकांवर भांडताय पण रोजच्या कामात दोन-तीनच लागतात. ए-थ्री कागद झेरॉक्सवर ए-फोरला आणायचा तर मशीनवर ७१ टक्के येतात, ५० नाही, का? क्षेत्रफळ निम्मं झालं की बाजू निम्मी होत नाही, ०.७०७ पट होते. ही समज कुठल्याच पद्धतीने येत नाही, पहिल्या अंदाजाने येते. मोठी शिकलेली माणसं मी पाहिली आहेत, ०.९ चं वर्गमूळ विचारलं की पटकन ०.३ म्हणतात. त्यांना पायऱ्या येतात, सरासरीही येईल, पण एकपेक्षा लहान संख्येचं मूळ त्या संख्येपेक्षा मोठं असतं हे आत उतरलेलंच नाही. मला विचाराल तर आधी महिनाभर नुसते अंदाज करायला लावा, कागद-पेन बंद.

बाकीशून्य

०.९ चं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे! जोड्या दशांश चिन्हापासून पाडतात, मग ०.९ मधे पहिली जोडी ९ नाही, ९०. नव्वदात बसणारा सगळ्यात मोठा वर्ग ८१, म्हणजे पहिला अंक ९. उत्तर ०.९ आणि पुढे, ०.९४८... ज्याने जोडी नीट पाडली त्याच्या तोंडून ०.३ येणं शक्यच नाही. जोड्या का, तर बाजू दहापट झाली की क्षेत्रफळ शंभरपट होतं, मुळाच्या एका अंकामागे संख्येचे दोन अंक. तुम्ही म्हणता ती समज याच पायरीत भरलेली आहे, फक्त कुणी उघडून दाखवत नाही.

सरासरी

जोडीचं मान्य, हे मला सुचलं नव्हतं. तरी ०.३ म्हणणाऱ्याला मी जोड्या शिकवणार नाही, ०.३ ला ०.३ ने गुण म्हणेन. ०.०९ आले की तो स्वतःच खोडेल.