कागद अडवता येत नाही

अर्धविराम:
लिहिणं ही बोलण्याची सावली, असं माझं मत. सॉक्रेटिसने स्वतः काहीच लिहिलं नाही. त्याचा शिष्य प्लेटो याच्या 'फीड्रस' या संवादात सॉक्रेटिस म्हणतो की लिहिलेल्या शब्दांना कितीही प्रश्न विचारा, ते पुन्हा तेच सांगतात. बोलणाऱ्याला "म्हणजे काय?" म्हणून अडवता येतं, कागदाला नाही. शिवाय लेखनात आवाज पुरता उतरतो कुठे? 'जग' घ्या. दुनिया, की 'तू जग'मधलं जग? दोन्ही 'ज' वेगळे, कानाला लगेच कळतात. कागदावर एकच.

पाटीपेन्सिल:
सॉक्रेटिसचं हे म्हणणं आपल्यापर्यंत आलं ते प्लेटोने लिहिलं म्हणूनच ना? (टोमणा जुना आहे, माहीत आहे.)
आता तुमचं उदाहरण उलटं करू. 'दिन' आणि 'दीन'. बोलताना दोन्ही दीर्घच होतात, फरक फक्त कागदावर. फ्रेंच तत्त्वज्ञ देरिदाने 1968च्या व्याख्यानात हाच डाव टाकला होता. 'दिफेराँस' या फ्रेंच शब्दातलं एक अक्षर बदललं, उच्चार मात्र जसाच्या तसा. सावलीत असं काही दिसतंय जे मूळ वस्तूतच नाही. मग ती सावली कशी?

अर्धविराम:
'दीनदुबळे' ऐकून कुणी दिवस समजत नाही. संदर्भाने कळतं.

पाटीपेन्सिल:
मग 'जग'ही संदर्भानेच कळतं की!

खतावणी:
लेखन बोलण्यातून निघालं हे तुम्ही दोघांनीही धरूनच चाललंय. मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) उरुक या प्राचीन शहरातल्या इ.स.पू. 3200च्या आसपासच्या मातीच्या पाट्यांवर बहुतेक हिशेबच आहेत: धान्य, जनावरं, आकडे. बोललेली वाक्यं टिपणं फार नंतरचं. आजही 7 हा आकडा कुठल्या भाषेतला, सांगा बघू.

अर्धविराम:
आकड्यांचं मान्य. पण ऋग्वेद शतकानुशतकं निव्वळ पाठांतराने टिकला. पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ हे पाठांतराचे प्रकार, सगळे तोंडी. म्हणजे जपून ठेवायलाही कागद लागत नाही.

पाटीपेन्सिल:
हे उदाहरण तुमच्याच अंगावर येतंय. पदपाठात संधी सोडवून प्रत्येक पद सुटं म्हणतात. असं कोण बोलतं? वाक्य मोडायचं, तुकडे उलटसुलट जोडायचे, अर्थ बाजूला ठेवून क्रम सांभाळायचा. समोरच्याने "म्हणजे काय?" विचारलं तरी एक स्वर बदलायचा नाही. कागदाविना केलेलं लेखनच हे!

अर्धविराम:
कागद नाही, शाई नाही, अक्षर नाही, तरी लेखन? 'लेखन' शब्द इतका ताणला तर माझं बोलणंही त्यातच बसेल. मग वाद जिंकलात, पण कशाबद्दलचा?

खतावणी:
आणि ज्यांची भाषा हातांच्या खुणांची आहे, त्यांचं काय? ती ना आवाज, ना अक्षर.