मदत हवी आहे: ईपीएबीएक्सच्या (ऑफिसातले फोन जोडणाऱ्या डब्याच्या) दोन ट्रंक (बाहेरून येणाऱ्या) लाइनींवर घरघर, एकीचं बोलणं दुसरीवर

अनिकेत_इचलकरंजी
ऑफिस शेजारच्या इमारतीत हलवलं. नवी केबल ओढून सगळं मीच जोडलं. पहिली लाइन एकदम स्वच्छ. दोन आणि तीनवर डायल टोन येतो, पण घरघर आहे आणि दोनवर बोलताना तीनवरचं बोलणं ऐकू येतं. मीटरवर तिन्हींना 49 व्होल्ट दिसतात, म्हणजे लाइन ठीक आहे. ट्रंक कार्ड (बाहेरच्या लाइनी जोडतात ते डब्यातलं कार्ड) मागवू का, तेवढंच सांगा. सोमवारी सूतवाल्यांचे फोन सुरू होतील.

दत्ता_वायरमन
लाइनी तांब्याच्या की फायबरच्या? ओएनटीच्या (फायबर येऊन लागते त्या डब्याच्या) फोन पोर्टमधून घेतल्या असतील तर व्होल्ट तो डबाच देतो. कार्डावरून वायर काढून साधा फोन लावून पाहिलात का?

अनिकेत_इचलकरंजी
तांब्याच्याच. फोन नाही लावला. आतल्या आत एक्स्टेन्शनवर आवाज छान आहे.

पाटील_सांगली
अर्थिंग बघा आधी. आमच्याकडे वळवाच्या पावसानंतर अशीच घरघर होती. वेगळा खड्डा मारून अर्थिंग घेतलं, तेव्हापासून त्रास नाही.

दत्ता_वायरमन
पाटीलसाहेब, अर्थिंगचा दोष असता तर पहिली लाइन कशी स्वच्छ राहिली असती? आणि दुसऱ्याचं बोलणं त्याने येत नाही.

पाटील_सांगली
अनुभवाचं सांगतोय. अर्थिंग चांगलं असलेलं कधी वाया जात नाही.

मिलिंद_पुणे
तांबं सोडा आता. एसआयपी ट्रंक (इंटरनेटवरून चालणाऱ्या फोन लाइनी) घ्या, केबलची कटकटच संपते. आम्ही तिन्ही लाइनी परत केल्या.

अनिकेत_इचलकरंजी
तीस वर्षं छापलेला नंबर आहे साहेब, बिलबुकांवर, पाटीवर. ह्या लाइनींचं सांगा ना कुणीतरी.

निवृत्त_लाइनमन
अनिकेत, क्रोनवर (वायरी दाबून बसवायच्या पट्टीवर) केबल किती सोललीस? वीतभर सोलली की पीळ सुटतो आणि निळी, नारंगी, हिरवी सगळ्यांच्या पांढऱ्या सारख्याच दिसतात. नारंगीची पांढरी हिरवीला आणि हिरवीची नारंगीला लागली असणार. ह्याला आम्ही स्प्लिट पेअर म्हणतो. जोडीच्या दोन्ही वायरी एकमेकींना पिळलेल्या असतात म्हणून बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखा बसतो आणि कटतो. जोड्या फुटल्या की तो कटत नाही, शिवाय एकीचं बोलणं दुसरीत उतरतं.

मीटरवर विसंबू नकोस. एक्स्चेंजच्या बॅटरीचं प्लस टोक अर्थला असतं, दुसऱ्या वायरवर उणे 48. त्यामुळे कुठल्याही लाइनीची उणे वायर आणि कुठल्याही दुसऱ्या लाइनीची प्लस वायर धरलीस तरी मीटर तेवढेच व्होल्ट दाखवणार.

एमडीएफवर (बाहेरच्या लाइनी येऊन लागतात त्या मुख्य फ्रेमवर) एक्स्चेंजच्या लाइनी आणि इकडे ट्रंक कार्ड, दोन्ही सोडव. तिथे नारंगी आणि तिच्याशी पिळलेली पांढरी एकत्र कर, इकडे मीटर बीपवर ठेवून नारंगीसोबत एकेक पांढरी तपास. मग तसंच हिरवीचं. रिंग आली तर उघड्या वायरीवर 75 व्होल्ट एसी असतात, ओल्या हातांनी धरू नकोस.

अनिकेत_इचलकरंजी
काका, दोन्ही पांढऱ्या उलट होत्या! अदलाबदल केली, दोन आणि तीन आता पहिलीसारख्याच. कार्डाचे पैसे वाचले. सगळ्यांचे आभार. तीनची वायर मात्र हलवली की कुरकुरते.

निवृत्त_लाइनमन
स्क्रू ड्रायव्हरने दाबलीस का? त्याने क्रोनची पाती फाकतात. पुढचा खण रिकामा असेल तर वायर तिथे घे आणि पंचिंग टूलनेच (क्रोनमध्ये वायर दाबायच्या अवजाराने) बसव.