मदत हवी आहे: एस-१० पुढून २ इंच खाली आणायचीय

ह्यूस्टनला माझ्याकडे १९९८ची शेव्हरोले एस-१० पिकअप आहे, टू-व्हील ड्राइव्ह. म्हणजे पुढे कॉइल स्प्रिंग. फोर-व्हीलवाल्यांसारखे टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारे, पीळ घेणारे पोलादी दांडे) असते तर बोल्ट सैल करून काम भागलं असतं!

ड्रॉप स्पिंडल (चाक ज्यावर बसतं तो भाग, पण चाकाची जागा वर घेतलेला, म्हणजे गाडी खाली येते) घालू की आखूड स्प्रिंगा? स्पिंडलने कंट्रोल आर्मचे (चाक चासीला जोडणाऱ्या दांड्यांचे) कोन तसेच राहतात, म्हणून माझा कल तिकडे. पण खर्च जास्त. स्प्रिंगा बदलल्या तर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) बिघडतो, शॉकअप खालपर्यंत आपटायची भीती. शेजारी म्हणतो, आहेत त्याच कापून टाक. ते मला अजिबात पटत नाही, स्प्रिंग आणखी कडक होऊन बसेल.

कुणी या गाडीला स्पिंडल बसवलेत का? पूर्ण वळवल्यावर टायर कुठे घासतो का? आणि बॉल जॉइंट (स्पिंडल आणि कंट्रोल आर्ममधले सांधे) त्याच वेळी बदलून घेऊ का?