तक्रार आल्यावर दोघांना समोरासमोर बसवायचं की नाही?

पाटी_पेन्सिल
सहावी ते आठवीसाठी छळाच्या तक्रारींची लेखी कार्यपद्धत ठरवायची आहे. सध्याची रीत अशी: दोन्ही बाजूंना एकत्र बोलवायचं, ऐकून घ्यायचं, माफी मागायला लावायची, हात मिळवायला लावायचे. आठवडाभर सगळं शांत, मग तेच पुन्हा सुरू, फक्त शिक्षकांच्या नजरेआड. यात नेमकं काय चुकतं? आणि "आम्ही तर गंमत करत होतो" यावर काय म्हणायचं? जाणकारांनी पायऱ्यांसकट सांगावं.

समुपदेशन_कक्ष
ही रीत भांडणासाठी ठीक आहे, छळासाठी नाही. भांडणात दोघांचं बळ साधारण सारखं असतं, दोघं थोडंथोडं मागे सरले की मिटतं. नॉर्वेत या विषयाच्या अभ्यासाचा पाया घालणारे डान ओल्वेउस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या: मुद्दाम केलेला, पुन्हा पुन्हा होणारा आणि दोघांच्या बळात तफावत असलेला. बळ म्हणजे फक्त अंगातलं नव्हे. वय, टोळकं, वर्गातली वट, सगळं त्यात आलं. तिसरी खूण दिसली की समेटाची बैठक बाद. तिथे त्रास झालेलं मूल "काही नाही, मिटलं" असंच म्हणणार, कारण समोरचा त्याच्याकडे बघत असतो. वर तक्रार केल्याचा हिशेब नंतर चुकता होतो तो वेगळाच.

त्याऐवजी हा क्रम:

१. त्रास झालेल्या मुलाशी त्याच दिवशी, एकट्याने, वीस-तीस मिनिटं बोला. काय झालं, कुठे, कोण करत होतं, कोण बघत होतं, कधीपासून, वर्गात कुणाजवळ बरं वाटतं. "कुणालाच सांगणार नाही" हे वचन देऊ नका, ते पाळता येत नाही. "पुढची पायरी तुला सांगूनच घेऊ" एवढं म्हणा आणि तसंच वागा.

२. त्रास देणाऱ्यांना एकेकटं बोलवा, पण लागोपाठ, तास चालू असताना. मध्ये सुट्टी आली की सगळ्यांची एकच गोष्ट तयार होते. "का केलंस?" विचारू नका, त्यातून फक्त सबबी निघतात. "अमक्याला वर्गात त्रास होतोय हे आम्हाला ठाऊक आहे" इथून सुरुवात करा. माहिती कुणाकडून आली ते सांगायचं नाही. शेवटी "उद्यापासून तू काय वेगळं करशील" हे त्याच्याच तोंडून काढून लिहून ठेवा. "नीट वागेन" चालणार नाही. "डबा खाताना त्याच्या बाकापाशी जाणार नाही", "टोपणनाव घेणार नाही" असं, तपासता येईल असं हवं. मग सगळ्यांना एकत्र बसवून प्रत्येकाने आपलं ठरलेलं बोलून दाखवायचं. या बैठकीत त्रास झालेलं मूल नसतं.

३. वर्गात ज्यांचा शब्द चालतो अशा दोन ते चार मुलांना वेगळं बोलवून त्या मुलाला सोबत द्यायला सांगा. फिनलंडमधल्या शाळांच्या किवा या छळविरोधी कार्यक्रमात ही पायरी आहे. पण आधी त्या मुलाला विचारा. कधी कधी ही सोबत नकोशी वाटते.

४. फेरतपासणी. दोन दिवसांनी, आठवड्याने, पंधरवड्याने, महिन्याने. तारखा पहिल्याच दिवशी वहीत टाका. बहुतेक ठिकाणी सगळं इथेच ढासळतं: पहिली बैठक दणक्यात होते आणि नंतर कुणी विचारत नाही.

मारहाणीत इजा, हत्यार, लैंगिक प्रकार किंवा जिवाचं बरंवाईट करून घेण्याची भाषा असेल तर या पायऱ्या नाहीत. मुख्याध्यापक, पालक आणि कायद्याने ठरलेली यंत्रणा, त्याच दिवशी. शेवटच्या प्रकारात मुलाला एकटं सोडायचं नाही.

मधली_सुट्टी
वरचं सगळं तक्रार आल्यानंतरचं झालं. बरेचसे प्रकार तक्रारीपर्यंत येतच नाहीत, म्हणून आधी जागा शोधा. शाळेचा साधा नकाशा काढून प्रत्येक सत्रात मुलांना वाटा: जिथे भीती वाटते तिथे फुली, वेळ कोणती तेही. नाव लिहायचं नाही. एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: कागद सगळ्यांकडे, वेळ सगळ्यांना सारखा आणि प्रत्येकाने काहीतरी खूण करायचीच (जिथे बरं वाटतं तिथे गोल). नाहीतर कोण लिहीत बसलंय हे वर्गभर दिसतं.

फुल्या साधारण स्वच्छतागृह, जिना, बस आणि दोन तासांमधल्या मोकळ्या मिनिटांभोवती जमतात. देखरेख तिथे हलवा. एका जागी उभ्या शिक्षकाला चुकवणं सोपं असतं, फिरणाऱ्याला अवघड. तक्रारपेटी कार्यालयाच्या दारात ठेवली असेल तर ती रिकामीच राहणार, चिठ्ठी टाकताना सगळे बघतात.

पाटी_पेन्सिल
खूप उपयोगी, आभार. "गंमत" राहिलं. आणि मोबाइलवरचे ग्रुप?

समुपदेशन_कक्ष
गंमतीला दोन प्रश्न पुरतात: दोघंही हसत होते का? आणि एकाने "बस" म्हटल्यावर थांबलं का? मस्करीची कुस्करी झाली की नाही यावर वाद घालत बसू नका. "त्याला त्रास होतोय, म्हणून थांबायचं" एवढं पुरे.

खरी किल्ली बघ्यांकडे आहे. कॅनडातल्या शाळांच्या मैदानांवर केलेलं एक निरीक्षण २००१ साली प्रसिद्ध झालं. बहुतेक प्रसंगांत इतर मुलं हजर होती, मध्ये पडली ती थोड्याच वेळा, पण पडली तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांत थांबला. मात्र मुलांना "जाऊन भिड" असं शिकवू नका. हसायचं नाही, त्रास होणाऱ्याला "चल, तिकडे जाऊ" म्हणून बाजूला न्यायचं, मोठ्यांना सांगायचं. सांगणं म्हणजे चहाडी नव्हे, हे वर्षाच्या सुरुवातीलाच स्पष्ट करा.

स्क्रीनशॉट
मोबाइलचं: रागाच्या भरात पुसून टाकणं आणि उलट उत्तर देणं, या दोन्हींनी प्रकरण कमकुवत होतं. आधी स्क्रीनशॉट, त्यात तारीख, पाठवणाऱ्याचं नाव आणि ग्रुपचं नाव दिसलं पाहिजे. मग ॲपवर तक्रार, मग ब्लॉक. शिक्षकांनी मुलाचा फोन हातात घेऊन चाळू नये, त्याने किंवा पालकांनी दाखवावं. मुलांची उघडी चित्रं असतील तर स्क्रीनशॉटही नको. पुढे पाठवायचं नाही, स्वतःच्या फोनवर घ्यायचं नाही, थेट पोलीस आणि ॲपची तक्रार व्यवस्था.

कडक_शिस्त
एवढी बोलणी कशाला? दोघातिघांना शाळेतून काढलं की बाकीचे सरळ येतील.

मधली_सुट्टी
शिक्षा जितकी जबर, तितक्या तक्रारी कमी येतात. "माझ्यामुळे त्याला काढलं" हे ओझं मुलाला नको असतं आणि शिक्षकही लहान प्रकार नोंदवायचं टाळतात. परिणाम हवेतच, पण लहान, ठरलेले आणि लगेच होणारे. तुकडी किंवा बाक बदलायचाच तर त्रास देणाऱ्याचा बदला. बऱ्याचदा नेमकं उलट होतं.

आणि नवी पद्धत लागू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत तक्रारी वाढल्या तर व्यवस्थापन घाबरतं. त्यांना आधीच सांगून ठेवा की आकडा चढणार, कारण मुलं आता सांगू लागलीत. अनेक देशांतल्या कार्यक्रमांच्या २०१९ च्या एकत्रित विश्लेषणात छळ करणं साधारण एक-पंचमांशाने आणि छळ सोसणं सुमारे १५ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. म्हणजे फरक पडतो, पण शून्याचं आश्वासन पालकसभेत देऊ नका.