ओशुन म्हणजे 'त्यांची गोदामाई' असं म्हटलं तर चालेल का?

पंचवटीकर_२१
मंडळी, कॉलेजात क्लायमेट जस्टिसवर, म्हणजे हवामान बदलाला जबाबदार कोण आणि झळ कुणाला यावर, दहा मिनिटं बोलायचंय. वाचता वाचता नायजेरियातली ओशोग्बोची देवराई सापडली, ओशुन नदीच्या काठी, साधारण 75 हेक्टर, 2005 पासून युनेस्कोच्या यादीत. योरुबा लोकांची देवी आणि नदी, दोघींचं नाव एकच. गुलाम करून जहाजातून नेलेल्या लोकांबरोबर ती क्यूबा-ब्राझीलला पोचली. मी लिहिलंय 'ओशुन म्हणजे त्यांची गोदामाई'. आईला आवडलं पण मलाच खटकतंय, काय चुकतंय?

जुनं_नाशिक
खटकायलाच हवं. रामकुंडावर डुबकी मारायला आपण कधी पोलिसात नाव नोंदवलंय का? ब्राझीलच्या बाईया राज्यात कँदोम्ब्लेवाल्यांना, म्हणजे गुलाम करून नेलेल्या आफ्रिकन लोकांनी तिथे जपलेला धर्म पाळणाऱ्यांना, 1976 पर्यंत पोलिसांकडे नोंदणी करावी लागायची, स्वतःच्याच देवासाठी! जस्टिसचा मुद्दा तिथून सुरू कर. ज्यांचा देव चोरून पुजावा लागला त्यांच्याच वस्त्या सखल जागी, केमिकल कारखान्यांच्या शेजारी. अमेरिकेतही तेच, 2005 च्या कॅटरिना वादळात न्यू ऑर्लीन्स शहराचा सुमारे 80 टक्के भाग पाण्यात गेला, त्यात लोअर नाइन्थ वॉर्डसारख्या काळ्या लोकांच्या वस्त्यांचे हाल तर विचारूच नका.

सरळ_बोलतो
अहो पण तिथे बांध फुटले, ती इंजिनियरिंगची चूक. देव कशाला मधे आणता? पूर आला की आपला गोदापात्रातला दुतोंड्या मारुतीपण बुडतो, आपण फक्त पाणी कमरेला लागलं की छातीला तेवढं बघतो 😄

पेठचा_पोऱ्या
बांध फुटला ती चूकच ओ दादा, पण ते पाणी कुणाच्या घरात शिरलं तेपण बघा ना. आणि देव मधे आणावा लागत नाही, तो तिथेच असतो. कँदोम्ब्लेत योरुबातली एक म्हण आहे, 'कोसी एवे, कोसी ओरिशा', पान नाही तर देव नाही. पूजेला, औषधाला ठराविक झाडपाला लागतो, शहर वाढत गेलं आणि रान संपलं की पूजाच अडते. हे वाचलं तेव्हा मला गोदावरी नाही, आमचा डोंगऱ्यादेव आठवला, आम्हा आदिवासींचा डोंगराचा देव. आमच्याकडे भगताला कुठली मुळी कुठल्या दरीत ते माहीत असतं, डोंगर बोडका झाला तर त्याने जायचं कुठं? पावसाळ्यात आमच्याकडे कोसळतो नुसता आणि एप्रिल-मेमधे बायका हंडे घेऊन दरी उतरतात. कार्बन कुणी सोडला, आमच्या म्हातारीने चुलीतून?

जुनं_नाशिक
हे आधी सांगायचं ना राव. पंचवटीकर, तुझी तुलना इथं आहे बघ.

पंचवटीकर_२१
मग गोदामाई काढूनच टाकू?

पेठचा_पोऱ्या
काढू नको, निर्माल्यापाशी ठेव. बाईयातल्याच साल्वादोर शहरात 2 फेब्रुवारीला येमांजाला, म्हणजे त्यांच्या समुद्रदेवीला, टोपल्या भरून समुद्रात भेटी सोडतात, आता त्यांच्यातलेच लोक सांगतात की प्लास्टिकचा कंगवा, अत्तराची बाटली नको, फुलं द्या. रामकुंडावर पिशवीसकट हार फेकणाऱ्यांना दाखव ते. आणि डोंगऱ्यादेवाचं बोलायचं असेल तर मार्गशीर्षात ये आमच्याकडे, नुसतं गुगलवर नको भागवू.