वेंगेन की इंटरलाकेन?

ए-५०३ : स्वित्झर्लंडमधल्या वेंगेन गावात कुणी राहिलंय का? मेअखेरीस चाललोय. सासू-सासरे आणि चिरंजीव बरोबर. एजंट म्हणतो खालचं इंटरलाकेनच घ्या, सोयीचं पडतं.

सी-१०१ : कुणाला, एजंटला? 😄

बी-७०२ : ताई, बिनधास्त वेंगेन घ्या. इंटरलाकेनहून लाउटरब्रुनेन रेल्वेने वीसेक मिनिटं, तिथून दातेरी रुळांची गाडी. गाव १२७४ मीटरवर, मोटारींना बंदी. पण खरा फायदा वेगळाच. युंगफ्राउ शिखर समोर दिसतं. सकाळी गॅलरीतून बघायचं, वेबकॅमवर खात्री करायची, मगच युंगफ्राउयोखचं, म्हणजे वरच्या बर्फाळ खिंडीतल्या रेल्वे स्टेशनचं, तिकीट काढायचं.

ए-५०३ : एजंट आत्ताच तारखेसकट बुक करतोय 😟

बी-७०२ : थांबवा त्याला! वर ढग असले तर एवढं महागडं तिकीट पाण्यात. ढगाळ दिवशी ट्रुमेलबाखला जा. डोंगराच्या पोटातले दहा धबधबे, हिमनद्यांचं वितळलेलं पाणी. आत लिफ्ट आहे, पण पायऱ्याही आहेत आणि ओल्या असतात. रेनकोट न्या.

डी-४०४ : अगं, तुझ्या सासऱ्यांची बायपास झालीये ना? योख ३४५४ मीटर आहे. आधी डॉक्टरांना विचार. आमच्या आई वर भरभर चालल्या आणि बाकावरच बसून राहिल्या.

ए-५०३ : विचारलं. डॉक्टर नाही म्हणाले, बाबा हो म्हणतायत.

बी-७०२ : त्यांना वाटेतल्या क्लाइने शाइडेक स्टेशनपर्यंत न्या. २०६१ मीटर. आयगर शिखराची भिंत अगदी समोर, चहा घ्या, परत या. तुम्ही पुढे जा. पुढची गाडी तशीही बहुतेक बोगद्यातूनच जाते. १९१२ सालचं काम आहे, बोला!

सी-१०१ : आणि जेवणाचं?

डी-४०४ : किचनवालं अपार्टमेंटच घे. कोऑप सुपरमार्केटमध्ये तांदूळ, मसूर, दही सगळं मिळतं. गोडा मसाला आणि मेतकूट घरून. फोडणी मात्र खिडकी उघडून, मंद आचेवर. आमची मोहरी तडतडली आणि स्मोक अलार्म कोकलायला लागला. खालची आजी जिन्यात येऊन उभी.

सेक्रेटरी : कृपया ग्रुप सोसायटीच्या कामापुरता वापरावा 🙏

सेक्रेटरी : स्विस ट्रॅव्हल पास, तो रेल्वे-बसचा, वेंगेनपर्यंत चालतो का?

बी-७०२ : चालतो साहेब 😀 योखला फक्त सवलत मिळते. ताई, जमलं तर जूनच्या उत्तरार्धात जा. मेमध्ये वरच्या पायवाटांवर बर्फ असतो. वेंगेनच्या वरच्या मेनलिखेनहून क्लाइने शाइडेकला येणारी वाट जूनमध्ये मोकळी होते. दीडेक तास, बरीचशी उताराची. सासूबाईही चालतील.

ए-५०३ : शाळा जूनमध्ये सुरू होते ना! चिरंजीवांची दहावी आहे.

डी-४०४ : आणि पासचं बघ. आईवडिलांकडे पास असेल तर सोळाच्या आतल्या मुलांना फॅमिली कार्ड फुकट मिळतं.

ए-५०३ : अरे देवा. तो सहा जूनला सोळा पूर्ण करतोय.

सी-१०१ : मग बर्फ तर बर्फ, मेमध्येच उरका.